विश्लेषण : जुनी ‘फियाट’ सातपुड्याच्या घाटात नेण्याआधी ब्रेक आणि रेडिएटर का उघडावेत?

वडिलांची किंवा आजोबांची ‘फियाट’, अँबेसेडर किंवा जीप वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असते. कधीतरी घरातला कोणी ती बाहेर काढायचे ठरवतो. बॅटरी बदलली जाते, कार्ब्युरेटर साफ होतो, इंजिन सुरू होते आणि सगळ्यांना वाटते की गाडी तयार झाली. मग रंगाचे आणि सीट कव्हरचे बेत सुरू होतात. नंदुरबार जिल्ह्यात मात्र अशा गाडीची खरी परीक्षा सपाटीवर होत नाही. ती तोरणमाळच्या चढावर आणि चांदसैलीच्या उतारावर होते. तेथे गाडीला वाचवणाऱ्या गोष्टी दोनच : चढताना इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा आणि उतरताना गाडी थांबवणारे ब्रेक. या दोन्ही यंत्रणा गाडी उभी असतानाही खराब होतात आणि बाहेरून ते दिसत नाही. त्या पुन्हा भरवशाच्या कशा करायच्या, याचा हा आढावा.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न वेगळा का?

जिल्ह्याचा दक्षिण भाग तापी खोऱ्याचा आहे. तेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. उत्तरेला सातपुडा सरळ उभा राहतो. शहाद्याहून तोरणमाळला जाणारा रस्ता, तळोद्याकडून धडगावला नेणारा चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा देवगोई घाट आणि सुरत महामार्गावरचा कोंडाईबारी घाट, यांपैकी एखादा तरी येथील वाहनचालकाच्या वाट्याला येतोच. तोरणमाळची उंची समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक आहे. म्हणजे गाडी आधी उन्हात तापते, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते आणि परतताना तेवढेच उतरते.

या घाटांत चुकीला जागा नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळून अनेकांचा जीव गेला. अपघातांची कारणे वेगवेगळी असतात. ब्रेकची हालत मात्र मालकाला निघण्यापूर्वी तपासता येते.

‘जुनी गाडी’ म्हणजे नेमकी कोणती?

महाराष्ट्रात जुनी गाडी म्हटले की पहिले नाव ‘फियाट’चे येते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. १९६४ पासून तेथे ‘फियाट ११००’चे ‘डिलाइट’ हे रूप तयार होऊ लागले. पुढे त्याच गाडीला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती आणि स्टिअरिंगला लागून असलेला गिअर, ही तिची ओळख. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली. खासगी पद्मिनी मात्र आजही अनेक घरांत आहेत.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधी येथे नोंदलेल्या अनेक गाड्यांवर एमएच-३९ ऐवजी धुळ्याचा एमएच-१८ क्रमांक दिसतो. अँबेसेडर आणि जुन्या पेट्रोल जीपचे ब्रेक-रेडिएटरही बहुतांशी याच पद्धतीचे असल्याने पुढील माहिती त्यांनाही लागू पडते.

जुन्या गाडीचे ब्रेक आजच्यापेक्षा वेगळे कसे?

आजच्या बहुतेक मोटारींना पुढे डिस्क ब्रेक, ब्रेकवरचा जोर वाढवणारा बूस्टर आणि दोन स्वतंत्र मार्गांनी दाब पोहोचवणारा मास्टर सिलिंडर असतो. एक मार्ग फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. पद्मिनीच्या काळातील बहुसंख्य गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच मार्ग असे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब देतो, तो दाब पाइपमधून चारही व्हील सिलिंडरपर्यंत जातो, सिलिंडरचे पिस्टन ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शूवरचे लायनर ड्रमला आतून घासतात.

मार्ग एकच असल्याचा अर्थ गंभीर आहे. एका चाकाचा होज पाइप फुटला किंवा एक वॉशर फाटला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. मग हाताशी उरतो तो फक्त हँडब्रेक. तो तारेने किंवा दांडीने चालतो, त्याला ऑइल लागत नाही. म्हणून जुन्या गाडीत हँडब्रेक ही पार्किंगची सोय नसून दुसरा ब्रेक आहे. तोच सर्वांत दुर्लक्षित असतो. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपमध्ये तर हँडब्रेकचा ड्रम चाकावर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. त्यावर तेल गळत असेल तर तो नावापुरता उरतो.

घाटात ब्रेक ‘जातात’ म्हणजे काय होते?

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. माणसांसह १,२०० किलो भरणारी गाडी ५०० मीटर खाली उतरली तर सुमारे ५९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तीस अंशांवरचे २० लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. यातला काही वाटा टायर, वारा आणि इंजिन घेतात. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनाचा वाटाही ब्रेकवर येतो.

ड्रम बंद डब्यासारखा असल्याने ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मग तीन गोष्टी होतात. पहिली, तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडल आधीपेक्षा खाली जाऊ लागते. दुसरी, लायनर ठरावीक तापमानापलीकडे गेले की त्याची पकड कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो. तिसरी सर्वांत धोकादायक : व्हील सिलिंडरमधले ब्रेक ऑइल उकळते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट खाली टेकते आणि चाकापर्यंत दाब पोहोचतच नाही.

गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतात. त्यामुळे नंतर गॅरेजमध्ये तपासणी केली तर दोष सापडत नाही आणि मालक निर्धास्त होतो. पुढच्या उतारावर तेच पुन्हा घडते.

ब्रेक ऑइल जुने झाले तर काय बिघडते?

सर्वसाधारण ब्रेक ऑइल ग्लायकॉल प्रकारचे असते आणि ते हवेतील ओलावा शोषते. डबा बंद असला तरी होज पाइप आणि टाकीच्या झाकणातून वर्षानुवर्षे ओलावा आत जातो. ताज्या ‘डॉट ३’ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मानकानुसार तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. ‘डॉट ४’साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना ड्रमजवळ ही पातळी गाठली जाऊ शकते. शिवाय हेच पाणी सिलिंडरला आतून गंजवते.

म्हणून दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलणे हा साधा नियम आहे. टाकीत वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे, कारण जुने ऑइल चाकाजवळच राहते. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल, जॅकचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकूनही ओतू नये. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते आणि मग मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सर्व रबरी भाग फेकावे लागतात. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे ऑइल असते आणि ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळता येत नाही. ‘डॉट ५.१’ हे नाव त्याच्यासारखे वाटले तरी ते ग्लायकॉलचेच असते. दुकानात या दोन नावांची गल्लत होऊ शकते.

ब्रेकचे काम कोणत्या क्रमाने करावे?

गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना उटी लावून आणि घोडीवर घेऊनच चाके काढावीत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नये. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. धूळ ओल्या फडक्याने पुसावी, तोंडावर चांगला मास्क असावा आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात :

ड्रम : आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा. घळी पडल्या असतील किंवा ड्रम गोल उरला नसेल तर लेथवर टर्न करून घेतात. प्रत्येक ड्रमला कमाल व्यासाची मर्यादा असते. त्यापुढे कापलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकतो. अशा वेळी ड्रम बदलणे हाच उपाय.

लायनर : रिव्हेटची डोकी ड्रमला लागण्याइतके झिजले असतील किंवा तेलाने भिजले असतील तर बदलावेत. पेट्रोलने धुऊन किंवा जाळून तेल काढलेले लायनर भरवशाचे नसतात. तेल आले कुठून हेही शोधावे. मागच्या चाकात ते बहुधा ॲक्सलच्या ऑइल सीलमधून येते. लायनर नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकत्र बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर : रबर किट टाकण्यापूर्वी सिलिंडरची आतली भिंत बोट फिरवून आणि टॉर्च लावून पाहावी. गंजाचे खड्डे असतील तर नवे रबर काही महिन्यांत फाटते. असा सिलिंडर बदलावा. तो मिळत नसेल तर आत पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मूळ व्यास कायम ठेवता येतो. हे काम अचूक लेथवरच करावे.

होज पाइप : बाहेरून चांगला दिसणारा जुना होज आतून फुगून बंद होतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण पेडल सोडल्यावर परत येत नाही. त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच राहतो. होज स्वस्त असतात. वय माहीत नसेल तर सगळे बदलावेत.

लोखंडी पाइप : गंजलेला पाइप बदलताना साधा तांब्याचा पाइप वाकवून बसवण्याचा मोह टाळावा. सततच्या थरथरीने तांबे कडक होऊन चिरते. ब्रेकसाठी बनवलेला स्टीलचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचाच पाइप हवा आणि त्याची टोके दुहेरी फ्लेअरची हवीत.

पेडलची मोकळीक : पेडल आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये थोडी मोकळीक असावी लागते. ती नसेल तर ऑइल टाकीत परतण्याचे छिद्र उघडत नाही. गाडी चालवता चालवता ब्रेक आपोआप घट्ट होत जातात.

सर्व जोडल्यावर ब्रेकची हवा काढतात. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून होते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडायचे, पेडल वर सोडण्याआधी निपल बंद करायचे. पारदर्शक नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवायचे आणि टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. काढलेले ऑइल परत वापरायचे नाही. ते रंगावर सांडले तर रंग सोलतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे.

गाडी चढावर का तापते?

पेट्रोल जळून तयार होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश भाग गाडी पुढे नेतो. जवळपास एक तृतीयांश उष्णता पाण्यात जाते आणि उरलेली मुख्यतः सायलेन्सरवाटे बाहेर पडते. चाळीस अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालत असेल तर त्याच्या रेडिएटरला सुमारे ३० किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातले दोन किलोवॉटचे पंधरा गिझर एकाच वेळी चालू असावेत, एवढी ही उष्णता.

रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४३ अंशांवर गेली की तो ४७ वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता हिवाळ्यापेक्षा चौथ्या हिश्श्याहूनही अधिक घटते. त्यातच घाटात वेग कमी असल्याने समोरून हवा येत नाही आणि सगळा भार फॅनवर पडतो.

उंचीचाही परिणाम होतो. तोरणमाळच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळते. रेडिएटरचे झाकण यासाठीच महत्त्वाचे आहे. ते पाण्यावर दाब ठेवते आणि दर एक पीएसआय दाबामागे उत्कलनबिंदू सुमारे दीड-पावणेदोन अंशांनी वाढतो. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की हा दाब टिकत नाही. मोठा खर्च करण्याआधी हे छोटे झाकण तपासावे. गाडीला ठरवून दिलेल्या दाबाचेच झाकण घ्यावे. जास्त दाबाचे बसवले तर जुन्या रेडिएटरचे सांधे सुटतात.

रेडिएटरचे काम कसे करतात?

जुने रेडिएटर तांबे आणि पितळेचे, कथलाने झाळलेले असतात. ही त्यांची जमेची बाजू आहे, कारण ते खोलून दुरुस्त करता येतात. बोअरच्या पाण्यातले क्षार नळ्यांत आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये साचतात. गाडी वर्षानुवर्षे साध्या पाण्यावर चालली असेल तर आत गंजाचा गाळही असतो. हा थर उष्णता अडवतो.

इंजिन गरम करून बंद केल्यावर, फॅन पूर्ण थांबल्याची खात्री करून रेडिएटरच्या जाळीवर निरनिराळ्या ठिकाणी तापमान पाहावे. बाजारात मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी पुरतो. मधेच थंड पट्टे लागले तर तेथील नळ्या बंद आहेत. रेडिएटरवाला मग वरची-खालची टाकी सोडवून नळ्यांत पट्टीसारखा गज घालतो. याला ‘रॉडिंग’ म्हणतात. नंतर टाक्या पुन्हा झाळून, हवा भरून रेडिएटर पाण्यात बुडवतात आणि गळती पाहतात. बाहेरच्या जाळीत अडकलेली धूळ, किडे, कापसाचे तंतू मागच्या बाजूने हलक्या पाण्याने काढावेत. जोराच्या फवाऱ्याने जाळी वाकते.

फक्त रेडिएटर साफ करून भागत नाही. इंजिन ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून तोही धुवावा लागतो, नाहीतर ब्लॉकमधला गाळ काही दिवसांत साफ रेडिएटरमध्ये येतो. ब्लॉकवरचे पत्र्याचे प्लग गंजले असतील तर याच वेळी बदलावेत. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब येतात का, पंपाची पुली हाताने हलते का, हे पाहावे. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला तर साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबावा. होज पाइप दाबल्यावर कुरकुरत असेल किंवा लोण्यासारखा मऊ लागत असेल तर बदलावा.

शेवटी खनिजमुक्त पाणी आणि कूलंट घालावे. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट असे मिश्रण साध्या दाबालाही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि आत गंज धरू देत नाही. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालेल असे डब्यावर लिहिलेले कूलंटच घ्यावे.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट कशाला?’ असे म्हणून तो काढण्याची पद्धत खूप जुनी आहे. थर्मोस्टॅट इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवतो. तो काढला की हिवाळ्यात आणि सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, पेट्रोल जास्त लागते आणि इंजिनाची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसताना थोडे पाणी रेडिएटरला वळसा घालूनच फिरत राहते. मग चढावर उलट तोटा होतो.

मूळ कारण शोधणे सोपे आहे. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून गॅसवर ठेवावा आणि थर्मामीटर लावावा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला आणि थंड झाल्यावर मिटला तर तो ठीक आहे. अडकला तर नवा घ्यावा.

तापण्यामागे इतर कारणे असू शकतात का?

हो. गाडी कधी तापते यावरून कारणाचा अंदाज येतो. गर्दीत किंवा हळू चालताना तापत असेल तर फॅन, बेल्ट आणि हवेचा मार्ग पाहावा. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर पाण्याचा प्रवाह, म्हणजे रेडिएटर, पंप किंवा खालचा होज पाहावा. इग्निशनचे टायमिंग मागे असेल किंवा कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल तरीही इंजिन तापते. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, पाणी विनाकारण कमी होत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर दिसत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

आणखी एक कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही : घासणारे ब्रेक. एखादे चाक सतत अडकत असेल तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो आणि रेडिएटर नवा असूनही गाडी तापते. म्हणून ही दोन्ही कामे एकत्र आणि आधी ब्रेकचे करणे फायद्याचे ठरते.

काम झाल्यावर चाचणी कशी घ्यावी?

पहिली चाचणी गाडी उभी असताना. पेडल दाबून एक मिनिट धरावे. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून दाब सोडतो आहे. दुसरी मोकळ्या मैदानात, ताशी २० ते ३० किलोमीटर वेगाने. ब्रेक लावल्यावर गाडी सरळ थांबली पाहिजे. हँडब्रेकची चाचणी वेगळी घ्यावी.

तिसरी, सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारून प्रत्येक ड्रमचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. एका ॲक्सलच्या दोन चाकांत मोठा फरक असेल तर गरम चाकाचा ब्रेक अडकतो आहे किंवा थंड चाकाचा लागतच नाही. हे सगळे जमल्यावर छोटा चढ-उतार आणि शेवटी घाट. नव्या लायनरची पकड बसायला काही दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात तोरणमाळ गाठण्याची घाई नको.

घाटात काय पाळावे?

जुने ड्रायव्हर सांगतात तो नियम आजही खरा आहे : ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी धरून ठेवते आणि ब्रेकला उसंत मिळते. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. वेग वाढला की ठाम दाबून कमी करावा आणि पाय काढावा. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करणे किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे जिवावर बेतू शकते.

पेडल खाली जाऊ लागले किंवा जळका वास आला तर लगेच खालचा गिअर टाकून सुरक्षित जागी थांबावे, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास तरी थांबावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, ओतीव लोखंड तडकते. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात आणि ब्रेक लागत नाहीत. अशा वेळी हळू चालवत पेडल हलके दाबून ते सुकवावेत.

तापमानाचा काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण लगेच उघडल्यास दाबाखालचे पाणी आणि वाफ तोंडावर येते. वरचा होज हाताला सहन होईल इतका थंड झाल्यावरच जाड कापड टाकून झाकण हळू फिरवावे. गरम ब्लॉकमध्ये एकदम थंड पाणी घालू नये.

कागदपत्रांचे काय?

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवावी लागते आणि राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीसाठी २० हजार आणि नूतनीकरणासाठी पाच हजार रुपये शुल्क ठरले असून नोंदणी दहा वर्षांची असते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच मुभा आहे. गाडी घाटात फिरवायची असेल तर कोणती नोंदणी हवी हे आधी ठरवावे.

खर्चाची सुरुवात कुठून करावी?

रंग, क्रोम आणि सीट यांवरचा खर्च डोळ्यांना दिसतो, म्हणून तो आधी होतो. पैसे मर्यादित असतील तर क्रम असा असावा : होज, रबर किट आणि ब्रेक ऑइल, मग सिलिंडर, ड्रम आणि लायनर, मग हँडब्रेक, त्यानंतर रेडिएटर, झाकण, थर्मोस्टॅट आणि पंप, रंगाचा नंबर शेवटी. ज्यांना गाडी नियमित चालवायची आहे त्यांनी दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर बसवता येईल का, हे जाणकार मिस्त्रीला जरूर विचारावे. पाहुण्यांसमोर गाडी मूळ रूपात मिरवण्याची हौस वेगळी आणि घरच्यांना बसवून घाट उतरणे वेगळे.

एक सवय मात्र कोणत्याही खर्चाविना लागू शकते. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइलची पातळी, रेडिएटरचे पाणी, बेल्ट, चाकांच्या आतल्या बाजूचे ओलसर डाग आणि पेडलची उंची पाहायला पाच मिनिटे लागतात. यांपैकी एकही गोष्ट कालच्यापेक्षा वेगळी दिसली, तर त्या दिवशी गाडी घाटात न नेणेच शहाणपणाचे.